अरुंद खाच

बहात्तरच्या दुष्काळात आमची गाय काही महिने गुरांच्या छावणीत होती. पाऊस पडल्यावर, १९७३च्या आषाढात, वडील तिला घरी घेऊन आले तेव्हा तिच्या कासेवर आणि कानांच्या आतल्या बाजूला गोचिडांचे घोस लटकलेले होते. पंधरा दिवसांनी तिने चारा सोडला. एका सकाळी गोठ्यात गेलो तर तिची लघवी कोऱ्या चहासारखी तांबूस काळी पडलेली. आजीने ती पाहिली आणि काही न बोलता देवापुढे दिवा लावला. बीड जिल्ह्यातल्या आमच्या त्या गावात अशी लघवी झालेले जनावर सहसा वाचत नसे.

तालुक्याहून गुरांचे डॉक्टर सायकलवरून आले. त्यांनी एक लहानशी पुडी फोडली, तिच्यातली पिवळी पूड उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवली आणि हळदीच्या पाण्यासारखे दिसणारे ते औषध जाड सुईने गाईच्या मांसात खोल टोचले. मी दावे धरून उभा होतो. माझे वय अकरा वर्षांचे, आणि प्रश्न विचारण्याची मला खोड होती.

"हे काय करते?"

"रक्तातल्या जंतूंना धरते आणि मारते."

"मग गाईला का मारत नाही?"

डॉक्टर सुई धूत होते. "जंतू कोणता आणि गाय कोणती, ते औषधाला बरोबर कळते, बाळ," ते म्हणाले.

तिसऱ्या दिवशी गाय कडब्याला तोंड लावू लागली. त्याच आठवड्यात शेजाऱ्यांचा बैल गेला. त्याला सुई टोचायला उशीर झाला होता. रिकामी पुडी मी बरेच दिवस दप्तरात बाळगली. तिच्यावर बेरेनिल असे नाव छापलेले होते.

औषधाला कळते, या वाक्याशी माझे भांडण पुढे चाळीसहून अधिक वर्षे चालले. पुण्यात एम.एस्सी. झाल्यावर मी हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत आलो आणि तिथेच रमलो. डीएनएच्या ठरावीक अक्षरांवरच जाऊन बसतील असे लहान रेणू घडवणे, हा आमच्या गटाचा उद्योग होता. पहिल्याच वर्षी वाचनात कळले की त्या पिवळ्या पुडीतला रेणू, डायमिनाझीन हे त्याचे नाव, आमच्याच कुळातला आहे. चपटा, किंचित बाकदार, दोन्ही टोकांना धनभार असलेला हा रेणू डीएनएच्या अरुंद खाचेत जाऊन बसतो. त्या दिवशी मी वाचनालयातून उठून बाहेर आलो आणि चिंचेखाली बराच वेळ उभा राहिलो. गोठ्यातला वास नाकाशी आला होता.

डीएनएचे दुहेरी मळसूत्र ज्यांनी केवळ चित्रात पाहिले आहे त्यांच्या ध्यानात त्याचे दोन कठडे आणि मधल्या पायऱ्या तेवढ्या राहतात. रसायनशास्त्रज्ञाची नजर कठड्यांमधल्या पोकळीकडे असते. दोन धागे एकमेकांभोवती वळताना त्यांच्यामध्ये दोन खाचा पडतात, एक रुंद आणि एक अरुंद. पायऱ्यांवरची अक्षरे मळसूत्र न उकलता वाचायची असतील तर या खाचांत बोट घालून, चाचपूनच वाचावी लागतात. पेशीतली प्रथिने बहुतांशी रुंद खाच वाचतात. तिथे चारही प्रकारच्या जोड्या निरनिराळ्या ओळखू येतात. अरुंद खाचेत मजकूर पुसट आहे. अ‍ॅडेनीन डाव्या बाजूला आणि थायमीन उजव्या, की उलट, हे तिथे जवळजवळ कळतच नाही. सीमन, रोझेनबर्ग आणि रिच यांनी १९७६ सालीच हे दाखवून दिले होते. पण लहान रेणूला अंगासरशी बसायला हीच खाच सोयीची, कारण तिच्या दोन्ही भिंती त्याला बिलगतात.

मला या ठिकाणी नेहमी आमच्या गावचा कासार आठवतो. बायकांच्या हातात बांगड्या भरताना तो माप घेत नसे. हात हातात घेऊन अंगठ्याखालचा मांसल भाग दोनदा दाबला की त्याला कळे, हिला सव्वादोनची चालेल की अडीचची. डोळे त्याचे बहुधा दुसरीकडेच, गप्पा मारणाऱ्या बायकांकडे असत. आणि तरी कधीकधी बांगडी पिचकत असे. मग आजी म्हणायची, पिचकली म्हणू नये, वाढली म्हणावे.

निसर्गात असे कासार आधीपासूनच होते. मातीतले काही जिवाणू नेट्रोप्सिन आणि डिस्टामायसिन नावाचे रेणू तयार करतात, आणि ते अरुंद खाचेत अ‍ॅडेनीन-थायमीनच्या सलग पट्ट्यांवर बसतात. असे का, याचे उत्तर स्फटिकांनी दिले. १९८०च्या सुमारास रिचर्ड डिकरसन यांच्या गटाने बारा अक्षरी डीएनएच्या एका तुकड्याची रचना उलगडली. त्याच्या मधल्या भागात, खाचेच्या तळाशी, पाण्याच्या रेणूंची एक नेटकी माळ दिसली. पाच वर्षांनी त्याच गटाने नेट्रोप्सिनसह तो तुकडा पाहिला, तेव्हा माळ नाहीशी झाली होती आणि तिच्या जागी नेट्रोप्सिन निजलेले होते. ग्वानीन आडवे आले की मात्र त्याला तिथे निजता येत नाही. ग्वानीनचा एक अमिनो गट अरुंद खाचेत वर आलेला असतो, लाकडी पायरीतून खिळ्याचे डोके वर यावे तसा.

यातूनच डिकरसन यांना आणि कॅनडातले विल्यम लाउन यांना एक विचार सुचला. नेट्रोप्सिन आणि डिस्टामायसिन यांच्या अंगात पायरोल नावाची पंचकोनी कडी असते. तिच्यातल्या एका कार्बनच्या जागी नायट्रोजन घातला तर ती इमिडाझोल होते, खिळ्याला टेकायला जागा मिळते आणि हायड्रोजन बंधाने तो खिळाच रेणूला धरून ठेवतो. कागदावर हे फार सुंदर दिसत होते. प्रत्यक्षात अशा रेणूंनी ग्वानीन सहन केले इतकेच; ग्वानीनची ओढ त्यांना म्हणावी तशी लागली नाही. मधली गाठ १९८९ साली सुटली. पेल्टन आणि वेमर यांनी दाखवले की डिस्टामायसिनचे दोन रेणू एकमेकांना चिकटून, उलटसुलट तोंडे करून, एकाच खाचेत बसू शकतात. म्हणजे खाच आम्ही समजत होतो तेवढी ताठर नव्हती. तीही दाबल्यावर हात जरा मऊ करीत होती.

त्यानंतरचे दशक कॅलिफोर्नियातल्या पीटर डर्व्हन यांचे. दोन कड्यांच्या जोडीने अक्षरांची एक जोडी वाचायची, असा नियम त्यांच्या प्रयोगशाळेतून उभा राहिला. इमिडाझोलसमोर पायरोल असेल तर ग्वानीन-सायटोसीन; तीच जोडी उलटी केली तर सायटोसीन-ग्वानीन; पायरोलसमोर पायरोल असेल तर अ‍ॅडेनीन-थायमीन, कोणत्याही क्रमाने. दोन रेणू केसाच्या आकड्यासारख्या वळणाने जोडून एक केले की जोड्या घसरत नाहीत. १९९८ साली त्यांनी हायड्रॉक्सिपायरोल ही तिसरी कडी आणली आणि अ‍ॅडेनीन-थायमीनचा क्रमही ओळखता येऊ लागला, जरी ती कडी आम्लात टिकत नसे आणि आम्हा लोकांची रात्रीची झोप तिने उडवली. या साऱ्यात माझा स्वतःचा जीव जडला तो बीटा-अ‍ॅलनीन नावाच्या एका सामान्य तुकड्यावर. पाच कड्या सलग जोडल्या की रेणूचा बाक डीएनएच्या बाकापेक्षा जास्त होतो आणि पुढच्या कड्या अक्षरांवरून सरकतात. मध्ये हा तुकडा घातला की सांधा सैल होतो आणि वाचन पुन्हा ओळीवर येते. त्याला स्वतःला काही वाचता येते असे नाही, पण वाचणाऱ्यांना तो उसंत देतो.

रेणू जागेवर बसला की नाही हे पाहण्याची रीत १९७८ सालापासून चालत आलेली. डीएनएच्या एका टोकाला किरणोत्सारी फॉस्फरस लावायचा, त्यात रेणू मिसळायचा आणि मग डीएनए तोडणारे विकर सोडायचे. रेणू जिथे बसला असेल तिथे विकराला तोडता येत नाही. जेलीच्या पातळ थरावर तुकडे वेगळे करून वर एक्स-रे फिल्म ठेवली की शिडीसारख्या काळ्या रेघा उमटतात आणि मध्येच काही पायऱ्या गळालेल्या दिसतात. या मोकळ्या जागेला पाऊलखूण म्हणतात. अंधाऱ्या खोलीत, लाल दिव्याच्या उजेडात, फिल्म धुताना ती मोकळी जागा हळूहळू दिसू लागे तेव्हाचा आनंद मला नंतर कशातच मिळाला नाही. रेणू स्वतः कुठेच दिसत नाही. तो होता म्हणून जे घडले नाही, तेवढेच दिसते.

आता हिशेबाकडे येतो, कारण आम्ही तो बराच काळ टाळत होतो. माणसाच्या जनुकसंचात सुमारे ३१० कोटी अक्षरे आहेत. त्यात एकच एक जागा नेमकी गाठायची तर निदान सोळा अक्षरी पत्ता हवा. चाराचा सोळावा घात ४२९ कोटी होतो. आमचा आठ कड्यांचा रेणू सहा अक्षरे वाचत असे, आणि त्यातल्या चार जागी अ‍ॅडेनीन असो वा थायमीन, त्याला दोन्ही चालत. निव्वळ गणिताने असा रेणू दर २५६ अक्षरांना एकदा बसायला मोकळा. माणसाच्या एका जनुकसंचात एक कोटी वीस लाख जागा! शोधनिबंधात आम्ही लिहीत असू, 'नेमकेपणाने बांधला जाणारा रेणू'. ते खोटे नव्हते. एक अक्षर बदलले की पकड दहापट, कधी शंभरपट ढिली होते, हे आम्ही मोजलेले होते. पण निबंधातले ते वाक्य आणि गुरांच्या डॉक्टरांचे वाक्य यांत फार अंतर नव्हते.

२००५ साली नांदेडची एक मुलगी माझ्याकडे पीएच.डी.साठी आली. वडील शाळामास्तर, मराठी माध्यमातले शिक्षण, हात अतिशय स्वच्छ. पहिल्याच महिन्यात तिने विचारले, "सर, जीएए ही तीन अक्षरे पुन्हा पुन्हा आलेली असतील अशा जागेसाठी रेणू करता येईल का?" मी म्हणालो, करता येईल, पण का? ती म्हणाली, "वाचनात आले म्हणून."

जीएएची पुनरावृत्ती म्हणजे फ्रीडरायख अटॅक्सिया. १८६३ साली हायडेलबर्गच्या निकोलाउस फ्रीडरायख यांनी वर्णन केलेला हा आजार पौगंडावस्थेच्या आसपास सुरू होतो. चाल झोकांड्या खाऊ लागते, मग हात, मग बोलणे, आणि हृदयही त्यातून सुटत नाही. त्याचे जनुक १९९६ साली सापडले. फ्रॅटॅक्सिन नावाचे प्रथिन तयार करण्याचा त्यातला मजकूर बहुतेक रुग्णांमध्ये शाबूत असतो. मजकुराच्या मध्ये, जिथे एरवी जीएए फार तर तीसएक वेळा येतो, तिथे तो शेकडो, क्वचित हजाराहून अधिक वेळा येतो, आणि पेशी त्या ठिकाणी येऊन अडखळते. आईवडील दोघांकडून हा दोष आला तरच आजार होतो.

तिने रेणू बांधायला घेतला. या जागेला केसाच्या आकड्यासारखा वळलेला रेणू चालत नाही. सरळ, मध्ये मध्ये बीटा-अ‍ॅलनीनचे सैल सांधे असलेला लागतो. तिने तो चार महिन्यांत केला. पाऊलखूण स्वच्छ आली. मग जिवंत पेशींची पाळी. रेणूला हिरवा चमकणारा रंग जोडायचा, केंद्रक निळ्या रंगाने उजळायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली हिरवे निळ्यात गेले का ते पाहायचे. तो निळा रंगही अरुंद खाचेतच बसतो. त्याचे नाव हेक्स्ट ३३२५८, आणि बेरेनिल करणारी जर्मन कंपनीच त्याची जन्मदाती. दिसले ते असे: मधोमध निळा चंद्र, आणि हिरवे सगळे त्याच्या बाहेर, ठिपक्याठिपक्यांनी. नळीत अचूक वाचणारा आमचा रेणू पेशीत दारापर्यंतच पोचला होता. कॅलिफोर्नियाच्या गटालाही दोन-तीन वर्षांपूर्वी हाच अनुभव आला होता आणि शेपटीचा रंग बदलल्यावर तेच रेणू केंद्रकात गेले होते. आम्हीही रंग बदलला. हिरवे आत गेले. मी आनंदलो, ती मात्र म्हणाली, "सर, मग आत जायला मदत रेणूने केली की रंगाने? आणि औषधात रंग कोण घालणार?"

त्या दिवाळीच्या आधी तिने दोन दिवसांची रजा मागितली. तिचे वडील धाकट्या भावाला तपासणीसाठी हैदराबादला आणणार होते. तेव्हा मला कळले. मुलगा तेरा वर्षांचा होता. ती त्याला प्रयोगशाळा दाखवायला घेऊन आली तेव्हा तो बाकांच्या कडा धरत धरत चालत होता, आणि वडील मागे एक हात पुढे करून, पण त्याला न लावता, येत होते. माझ्या टेबलावर डीएनएचा एक मोठा लाकडी सांगाडा होता. त्याने विचारले, ताईचा रेणू यात कुठे बसतो? मी अरुंद खाच दाखवली. त्याने तिथे बोट न्यायचा प्रयत्न केला. बोट एकदा कठड्यावर आपटले, एकदा रुंद खाचेत गेले. आम्ही कुणीच मदत केली नाही. तिसऱ्या खेपेला ते जागेवर गेले आणि त्याने ते तिथेच दाबून धरले.

जाताना वडिलांनी विचारले, "सर, याचे औषध व्हायला किती दिवस लागतील?" मी म्हणालो, दहा वर्षे. हा आकडा मी कुठून आणला ते मला सांगता येणार नाही. शास्त्रज्ञ मंडळी दहा वर्षे म्हणतात तेव्हा त्यांना बहुधा 'मी निवृत्त होईन तोवर' असे म्हणायचे असते.

२००६ साली गॉट्सफेल्ड आणि डर्व्हन यांच्या गटांनी दाखवले की अशाच रेणूने रुग्णाच्या पेशींत फ्रॅटॅक्सिन जनुकाचे वाचन वाढते. तो निबंध तिनेच मला आणून दिला. आम्ही मागे पडलो होतो याचे तिला दुःख नव्हते. खरे तर त्या दिवशी तिने सर्वांना पेढे वाटले. आणि त्या निबंधावर बोलताना तिने मला जे सुचवले ते मी वीस वर्षांत स्वतःहून पाहिले नव्हते. आमच्या रेणूला सोळा अक्षरी पत्ता वाचता येत नाही हे खरे. त्याला एक लहानसा शब्दच येतो. पण हा शब्द एका जागी हजार वेळा लिहिलेला असेल तर रेणू तिथे आपोआप दाटी करतो. इतरत्र एखादा बसेल आणि उठेल. नेमकेपणा येतो तो या दाटीमुळे.

मग मला गाईचेही कळले. बेरेनिलचा रेणू गाईच्या डीएनएतही बसतोच. तिच्या अ‍ॅडेनीन-थायमीनच्या पट्ट्या काही वेगळ्या मातीच्या नाहीत. याच औषधाने मरणाऱ्या, आफ्रिकेत गुरांना आणि माणसांना ग्रासणाऱ्या एका जंतूवर याचा पुष्कळ अभ्यास झाला आहे. तो जंतू अ‍ॅडेनोसीन आत ओढण्याच्या आपल्याच दारातून औषध भराभरा ओढून घेतो. जो जास्त ओढेल तो मरेल. मात्रा थोडी वाढली तर जनावरालाही ते भोवते, आणि गुरांच्या डॉक्टरांनी त्या दिवशी गाईच्या छातीला दोरी गुंडाळून तिच्या वजनाचा अंदाज दोनदा का घेतला होता, ते मला तेहतीस वर्षांनी उमगले.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगण्याजोगा आहे. २०१२ साली क्रिस्पर आले. आरएनएची वीस अक्षरे लिहून द्या, प्रथिन ती जागा शोधून काढते. ज्या वाचनासाठी आम्ही कडीला कडी जोडत आयुष्य घातले ते एका साध्या तंत्राने होऊ लागले. २०२३च्या अखेरीस सिकलसेलवर त्यावर आधारलेला उपचार मान्यही झाला. आमच्या विषयाला निधी मिळणे अवघड झाले. विद्यार्थी हुशार असतात, त्यांना वारा कळतो. मला याचा राग आला नाही असे म्हटले तर ते खोटे होईल. पण क्रिस्परचे अवजड प्रथिन मज्जातंतूंपर्यंत आणि हृदयापर्यंत पोचवणे सोपे नाही, आणि लहान रेणूची जिद्दही संपलेली नव्हती. २०१७ साली असीम अन्सारी यांच्या गटाने जीएए वाचणाऱ्या रेणूला दुसरा एक तुकडा जोडला. हा तुकडा पेशीची वाचनयंत्रणा तिथे बोलावून आणतो आणि अडखळलेले वाचन पुढे ढकलतो. त्या वाटेवरचा एक रेणू २०२२ साली माणसांवरच्या चाचणीपर्यंत गेला. टोचलेल्या जागी शीर सुजू लागल्याने त्याचे द्रावण पुन्हा नव्याने बांधावे लागले. २०२३ साली या आजारावरचे पहिले औषध अमेरिकेत मान्य झाले, पण ते डीएनएला हातही लावत नाही; आजाराची गती ते कमी करते, आणि त्याची किंमत नांदेडच्या मास्तरांना ऐकवण्यासारखी नाही.

ती आता नांदेडलाच एका महाविद्यालयात शिकवते. मी निवृत्त झालो. घर आवरताना २००५ सालची फिल्म सापडली, कोपऱ्यात तिच्या अक्षरातली तारीख. खिडकीशी धरली तर गळालेल्या पायऱ्या अजून स्पष्ट दिसतात. तिला फोन केला. भावाने उचलला. तो आता तिशी ओलांडलेला, चाकांच्या खुर्चीत; शब्द लांबवत, मध्ये थांबत बोलतो, आणि आपण घाई करून त्याचे वाक्य पुरे करायचे नाही हे त्याच्या बहिणीने मला पूर्वीच बजावले आहे.

त्याने विचारले, "सर, तो रेणू चुकीच्या जागी बसला तर?"

एवढ्या वर्षांत हा प्रश्न मला परिषदांतून अनेकांनी विचारला होता आणि माझ्याकडे त्याचे एक घोटीव उत्तर होते. ते मला त्याला देववेना.

"बसतोच," मी म्हणालो. "पुष्कळ जागी बसतो. तिथे तो टिकत नाही, एवढीच आशा."

तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे, माझ्या, बोटासारखाच," आणि हसला. हसणे मात्र त्याचे जराही अडखळत नाही. मग ताईने फोन घेतला आणि नांदेडला या वर्षी पाऊस कसा आहे, ते सांगू लागली.